तिसरी बाटली

सकाळी उठल्यापासून धाकटीला पाणी पाजणं चाललं होतं. तांब्या खोली सांभाळणाऱ्या मावशीच्या हातात होता. टँकर येऊन चार दिवस झाले होते, दोन पिंपांपैकी एकाचा तळ दिसायला लागला होता. एरवी तोंड धुताना कुणी ओंजळभर पाणी जास्त घेतलं तरी मावशी घर डोक्यावर घ्यायची. आज तीच म्हणत होती, "घे गं, अजून अर्धा तांब्या घे."

"मावशी, जागा नाही आता. आधीच एक जण मुक्कामाला आहे आत."

"मग त्याला पोहायला शिकव," रेडिओ म्हणाली. तिचं तोंड झोपेतसुद्धा बंद नसायचं, म्हणून खोल्यांची सगळी ओळ तिला रेडिओच म्हणायची. "आणि हिला पाणी कशाला पाजताय? सातवा महिना लागल्यापासून ही दर अर्ध्या तासाला मोरीत. हिच्याइतकी धार टँकरच्या नळीला नाही."

धाकटी हसली आणि हसताना पोटाला खालून हात लावला. तिची सख्खी बहीण थोरली हसली नाही. ती उंबऱ्यात बसून चिमणीची वेणी घालत होती. चिमणी थोरलीची मुलगी, पाच वर्षांची. उजवा डोळा काळाभोर, डावा दुधासारखा. तान्ही असताना चुलीचा धूर लागला, असं थोरली सांगायची. कुणी दुसऱ्यांदा विचारलं तर उठून जायची.

अकरा खोल्या होत्या, पत्र्याच्या, एका ओळीत. समोर खडी फोडायचं यंत्र, त्याच्यापुढे ट्रक मोजायचा वजनकाटा, आणि काट्यापासून रस्त्यापर्यंत ट्रकांची रांग. सकाळी बायका खडी चाळायच्या, टोपल्या भरायच्या, पापण्यांवर पांढरी धूळ घेऊन परत यायच्या. दुपारी रांग लांबली की आपला नंबर लागायची वाट बघणारे ड्रायव्हर खोल्यांकडे वळायचे. ते दुसरं काम. दोन्हीकडे कंबर माझीच मोडते, असं रेडिओ म्हणायची.

धाकटी वर्षभर या दुसऱ्या कामात नव्हती. वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाने तिला एकट्यासाठी ठेवलं होतं. त्याला सगळे काटेवाला म्हणत. काचेच्या केबिनमध्ये बसून तो निळ्या पावत्या फाडायचा, शर्टाची कॉलर कधी मळू द्यायचा नाही. पोर झालं की तुला काट्यामागच्या दोन खोल्यांत नेईन, असं त्याने मावशीसमोर कबूल केलं होतं. धाकटी त्या दोन खोल्या रोज मनातल्या मनात झाडायची. पाळणा कुठे टांगायचा तेही ठरलेलं होतं. खिडकीपासून लांब, कारण खिडकीतून खडीची धूळ येते आणि बाळाचं नाक एवढंसं.

आणि आता ही मोजणी आली होती. दवाखान्याची नर्सबाई मागच्या आठवड्यात सांगून गेली होती: या पट्ट्यात धंदा करणाऱ्या किती जणींना आतला रोग आहे ते बघायचंय. प्रत्येकीने बाटलीत लघवी द्यायची. बाटलीवर नाव नाही, फक्त नंबर.

"नंबर तर खोलीच्या दारावरही आहे," मावशी तेव्हाच पुटपुटली होती.

त्याच संध्याकाळी मुकादम ओळीतून फिरला. काखेत वही, तोंडात काडी. "मालकांनी सांगितलंय. ज्या खोलीत रोग सापडेल तिला कुलूप. बातमी फुटली तर गाड्या दुसरीकडे भरायला जातील."

तेव्हापासून ओळीत कुणी कुणाशी सरळ बोलेना. सातव्या खोलीवाली नर्सबाईला पाणी द्यायला एवढी पळत का गेली? मोजणीची तारीख मुकादमाला आधी कशी कळली? मावशी दोन दिवस विचार करत बसली आणि तिसऱ्या दिवशी तिने दार लोटून घेतलं.

"आपल्यात खात्रीची कोण? ही. वर्ष झालं, एकच माणूस. तिघींच्या बाटल्यांत हिचंच जाऊ दे."

"मावशी, डोकं आहे तुमच्याकडे," रेडिओ म्हणाली. "वाया चाललंय इथे."

थोरली दार उघडून बाहेर गेली.

नर्सबाई दहाला आली. बरोबर फॉर्म भरणाऱ्या बाई होत्या, त्यांनी दारातच खुर्ची मागितली. बर्फाची पेटी उंबऱ्याशी ठेवली. धाकटी पहिली मोरीत गेली. पोचे पडलेला जुना मग भरला, त्यातून आपली बाटली भरली आणि मग बादलीमागे सरकवून ठेवला. बाहेर येऊन तिने बाटली दिली तेव्हा नर्सबाई म्हणाली, "कितवा?"

"सातवा."

"पाय सुजतात का?"

"संध्याकाळी."

"पाय वर करून झोपत जा." असं आपलेपणाने कुणी विचारलं की धाकटीला बरं वाटायचं, आणि लगेच संशय यायचा: हिला काय हवंय?

फॉर्मवाल्या बाई रेडिओला विचारत होत्या, "मागच्या आठवड्यात किती जण?"

"मोजत बसले तर काम कधी करू?"

"अंदाजे."

"अंदाज काट्यावर करतात, ताई. इथे वजन अंगावर येतं तेव्हा कळतं."

बाईंनी मान वर न करता काहीतरी लिहिलं. रेडिओ मोरीत जाऊन बाटली भरून आली. मग थोरलीची पाळी. तिला बाईंनी कितीतरी वेळ बसवून ठेवलं. पहिलं मूल कधी, दुसरं का नाही, खाली जळजळ, अंगावरून पाणी जातं का, शेवटचं औषध कधी. शेजारच्या खोल्यांची दारं बोटभर उघडी होती. थोरली प्रत्येक प्रश्नाला "नाही" म्हणत होती, जिथे "नाही" बसत नव्हतं तिथेही. मग उठून ती मोरीत गेली आणि लगेच बाहेर आली.

नर्सबाईने तिची बाटली घेतली. पेटीत टाकली नाही. मुठीत धरून ठेवली, थोरलीकडे बघितलं, मग पेटीत टाकली.

"मुठीत का धरली?" ती गेल्यावर मावशीने विचारलं. "तुझी काय म्हणून धरली?"

"मला काय माहीत," थोरली म्हणाली आणि मोरी धुवायला घेतली, असलेलं नसलेलं पाणी ओतून.

आठ दिवस गेले. मुकादम रोज एक फेरी जास्त मारू लागला. ऊन असं होतं की पत्र्याला हात लावला तर बोट मागे यायचं. धाकटी सावलीत बसून जुन्या कपड्यांची दुपटी शिवत होती. काटेवाला एकदा येऊन दुपटं हातात घेऊन बघून गेला. "किती छोटं!" म्हणाला. ते तिने दिवसभर चघळलं.

नवव्या दिवशी नर्सबाई एकटीच आली. आत आली, दार लावलं आणि तिघींना समोर बसवलं. मावशी न बोलावता बसली.

"तुमच्या खोलीतल्या तिन्ही बाटल्यांत एकच निघालंय. परमा. संबंधातून लागतो तो."

रेडिओसुद्धा बंद पडली होती.

"एका खोलीत तिघींना असू शकतो," नर्सबाई म्हणाली. "मागच्या वस्तीत दहांत चौघींना निघाला, आणि त्यांतल्या तिघी म्हणत होत्या आम्हाला काहीच होत नाही. तसंच असतं ते. पण माणसाच्या अंगातून आलेलं पाणी कोमट असतं, बायांनो. पहिली बाटली कोमट होती, दुसरी जरा कमी. तिसरी माठातल्यासारखी थंड. मी तेव्हा बोलले नाही. आता सांगा, कुणाचं होतं?"

मावशीने धाकटीकडे बघितलं, रेडिओने बघितलं. थोरलीने नाही बघितलं. ती जमिनीकडे बघत होती. नर्सबाईला तेवढं पुरलं.

"मला काही होत नाही," धाकटी म्हणाली. "जळजळ नाही, काही नाही. बाटली बदलली असेल तुमच्याकडे."

"तिन्ही बदलल्या?"

धाकटीचा हात पोटावर गेला. "याला?"

"आत असेपर्यंत फारसं नाही. बाहेर येताना डोळ्यांत जातं. दोन-चार दिवसांत डोळे चिकटतात, पू येतो. वेळेवर औषध मिळालं नाही तर डोळा जातो. पांढरा पडतो."

दाराबाहेर, फटीतून दिसेल अशी, चिमणी बसली होती. निळ्या कागदाची होडी करत होती. कागद जवळ धरून, मान उजवीकडे वळवून, चांगल्या डोळ्यासमोर आणून ती घडी घालायची.

"आज गोळ्या घेतल्यास तर ते थांबेल," नर्सबाई म्हणाली. "माझ्यासमोर घे. आणि हे दुसरं पाकीट तुझ्या माणसाचं. त्याने घेतल्या नाहीत आणि तो परत जवळ आला, तर तुझ्या गोळ्या पाण्यात. बाळंतपण दवाखान्यातच करायचं, आल्या आल्या बाळाच्या डोळ्यांत औषध घालू." मग तिने दोन रिकाम्या बाटल्या रेडिओ आणि थोरलीपुढे ठेवल्या. "तुम्हा दोघींना काय आहे, काय नाही, मला काहीच ठाऊक नाही. उद्या येते. स्वतःच्या भरा."

"मालकाला सांगणार का?" मावशीने विचारलं.

"मी कुणालाच सांगत नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"म्हणत असतील," नर्सबाई म्हणाली आणि धाकटीला पाण्याचा पेला दिला.

ती गेल्यावर मावशीने दाराला कडी घातली. "कुणाला घेतलंस?"

"कुणालाच नाही."

"खोटं बोलशील तर तोंड फोडीन. मी तुझ्या जिवावर तिघींची जबाबदारी घेतली. कुणाला घेतलंस?"

"एकच माणूस आहे माझा. तुम्हाला माहितीये कोण."

"तो तसला नाही."

"म्हणजे मी तसली?"

मावशीने धाकटीचा पेला उचलला, बाजूला ठेवला, इतर भांड्यांपासून वेगळा. धाकटीने ते बघितलं. ओळीत दहा वर्षं काढलेल्या बाईने तिचा पेला वेगळा ठेवला होता.

धाकटी बाहेर येऊन चिमणीजवळ बसली. पोटामुळे खाली बसायलाच वेळ लागला.

"कुणी दिला गं कागद?"

"काकांनी. काट्यावरच्या."

"आज?"

"आज नाही. खूप दिले होते. संपत आले." चिमणीने मांडीखालून गठ्ठा काढून दाखवला. निळ्या पावत्या, कोऱ्या. त्या काटेवाल्याच्या खिशाशिवाय कुठे मिळत नसत. "आईचा पाय मुरगळला होता ना, तेव्हा. तुम्ही सगळ्या खडीवर गेला होतात. काका म्हणाले, बाहेर बसून होड्या कर, दहा झाल्या की हाक मार."

"किती झाल्या?"

"सहाच झाल्या."

थोरलीचा पाय मुरगळला त्याला तीन महिने झाले होते. रोज संध्याकाळी खडीवरून आल्यावर, आपलीच कंबर धरून, धाकटीने तो पाय गरम मिठाच्या पाण्यात शेकला होता.

थोरली आत तांदूळ निवडत होती. धाकटी तिच्यासमोर बसली. ताटात बोट घालून तिनेही दोन खडे काढले.

"ताई, तुझा पाय दुखत होता तेव्हा हे कितीदा आले होते?"

थोरलीचं बोट तांदळात थांबलं. "दोनदा."

बाहेर यंत्र सुरू झालं. पत्रा थरथरायला लागला, ताटातले दाणे आपोआप हलायला लागले.

"मी नाही म्हटलं असतं तर पाचव्या खोलीत गेला असता," थोरली म्हणाली. "तिथे गेलेला परत येत नाही. तुझ्या दोन खोल्या गेल्या असत्या."

"म्हणजे माझ्यासाठी केलंस."

"तसं नाही म्हणत."

"मग कसं म्हणतेस?"

"कसंच नाही." थोरलीने ताट खाली ठेवलं. "त्याच्याकडून मला, की माझ्याकडून त्याला, की त्याने आणखी कुठून आणलं, मी काय सांगू? मला काही दुखत नाही. चिमणीच्या वेळीही काही दुखत नव्हतं."

धाकटीने हातातले दोन खडे खाली टाकले. "चिमणीला धूर लागला होता ना?"

"तेव्हा आपल्याकडे चूल कुठे होती?" थोरली म्हणाली. "स्टोव्ह होता."

दुसऱ्या दिवशी नर्सबाई आली तेव्हा रेडिओने आपली बाटली आधीच भरून ठेवली होती आणि ती कशी भरली याची हकीगत सांगत होती. थोरली मोरीत गेली. या वेळी बराच वेळ आत होती. बाहेर आली आणि नर्सबाईकडे न जाता धाकटीसमोर उभी राहिली. बाटली तिच्या हातात दिली.

"बघ."

धाकटीने मूठ मिटली. बाटली कोमट होती.

नर्सबाईने बाटली पेटीत ठेवली, मग चिमणीला जवळ ओढून तिची हनुवटी वर केली. पांढऱ्या डोळ्यासमोर बोट फिरवलं. तिच्या गालाला लागलेली धूळ तेवढी पुसली.

काटेवाल्याचं पाकीट कालपासून धाकटीच्या उशाखाली होतं. तिने ते घेतलं आणि भर दुपारी काट्याकडे निघाली. बारा-तेरा ट्रक उभे होते. ड्रायव्हर सावलीला टायरांना टेकून बसले होते. केबिनच्या खिडकीवर तिने पाकीट ठेवलं.

"हे काय?" काटेवाल्याने विचारलं.

"गोळ्या. मी घेतल्या, आता तुम्ही घ्या. बाळाच्या डोळ्यांचं आहे."

त्याने पाकीट झटकन पावत्यांखाली सरकवलं. "बरं. घरी घेईन. जा तू."

"इथेच घ्या. मला बघायच्यात."

त्याचा आवाज खाली आला. "डोकं फिरलंय का? ओळीत राहायचं, काय काय करायचं, आणि माझ्या अंगावर ढकलायचं? तुझं पोर तरी माझंच आहे कशावरून?" मग मोठ्याने, "चला, पुढची गाडी!"

पुढच्या ट्रकने इंजिन सुरू केलं. धाकटीने एकदा त्याच्या कॉलरकडे बघितलं. मग ती वळली आणि काट्याच्या लोखंडी पाट्यावर चढली. खोलीएवढा पाटा, उन्हाने तापलेला. चपलेतून चटका लागत होता. मधोमध जाऊन ती उभी राहिली. केबिनवरचे तांबडे आकडे वीस-वीस किलोनेच सरकायचे, त्यांत साठ उमटलं.

"ए बाई, बाजूला हो!" ट्रकमधून हाक आली.

"अरे, थांब," टायरला टेकलेला एक जण ओरडला. "भरलेल्या गाडीचं वजन चाललंय. रिकामीचं नंतर घेतील!"

सगळे हसले. धाकटी हलली नाही. काटा शून्यावर आल्याशिवाय पुढची गाडी चढत नाही, हे तिला ठाऊक होतं. वर्षभर तो तिला हेच सांगत आला होता: माझ्या काट्यावर चिमणी बसली तरी मी आधी तिला उडवतो. काटेवाल्याने बटण दाबलं. आकडा साठच. पुन्हा दाबलं.

मागून पावलं वाजली. थोरली पाट्यावर चढली आणि बहिणीपासून दोन हात लांब उभी राहिली. एकशेवीस.

"नाटक काय आहे हे?" काटेवाला खिडकीतून ओरडला.

"नाटक?" रेडिओ धापा टाकत आली आणि चढली. एकशेऐंशी. "परमा आहे, परमा! मोठ्याने सांगू? आणि तुम्ही काय दात काढताय रे? पाचव्या खोलीपासून अकराव्यापर्यंत कोण कोण जातं, मला सगळ्यांच्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. तुमच्याही गोळ्या नर्सबाईकडे आहेत, फुकट!"

हसू थांबलं. एकाने मान खाली घालून बिडी विझवली. मागच्या ट्रकांना पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं, त्यांनी भोंगे वाजवायला सुरुवात केली. मुकादम काखेत वही घेऊन यंत्राकडून येताना दिसला आणि मध्येच थांबला.

काटेवाल्याने एकदा रांगेकडे बघितलं, एकदा मुकादमाकडे. मग पावत्यांखालचं पाकीट काढलं.

वर्षभर त्याला अहो-जाहो करणारी धाकटी म्हणाली, "गीळ."

त्याने गोळ्या तोंडात टाकल्या, बाटलीतलं पाणी ओतलं.

"तोंड उघड."

त्याने तोंड उघडलं. धाकटी पाट्याच्या कडेपर्यंत गेली, वाकता येईल तेवढं वाकली आणि नीट बघितलं. जिभेखालीसुद्धा.

मग ती उतरली. रेडिओ उतरली, थोरली उतरली. मागे आकडे उतरत गेले आणि काट्यावर शून्य आलं. ट्रक पाट्यावर चढला, धुळीचा लोट उठला आणि काट्यामागच्या दोन खोल्यांवरून गेला. त्यांच्या खिडक्या उघड्याच होत्या. धाकटीने तिकडे बघितलं नाही.

मुकादम वहीत काहीतरी लिहीत होता. रेडिओ त्याच्या अंगावरून जाताना म्हणाली, "शुद्धलेखन नीट कर हं." आणि पुढे पळाली, मावशीला आधी आपल्याच तोंडून कळावं म्हणून.

धाकटी हळू चालत होती. पोटात बाळ फिरत होतं. तिने हात ठेवला, ते जिथे ढोसत होतं बरोबर तिथे. दोन पावलं मागून थोरली येत होती. तिच्या चपलेचा आवाज एकसारखा नव्हता, एक पाय पडायचा, दुसरा घासत यायचा. धाकटीने बराच वेळ वळून बघितलं नाही. पिंपापाशी आल्यावर ती थांबली.

"पाय दुखतोय अजून?"

"नाही," थोरली म्हणाली.

धाकटीचा विश्वास बसला नाही. पण तिने चाल आणखी कमी केली.